तिसरा व्हॉल्व आणि अठ्ठेचाळीस चौकटी

ती. दादा यांस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांच्या तक्रारीमुळे तो कागदावरच मानून घ्यावा). तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल आणि वहिनींची कंबर आता त्यांना वाकू देत असेल, अशी आशा आहे. इथे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. ह्यांचा खोकला गेला. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, पण तो सत्कारणी वाढला, कसा ते पुढे येईलच. मागच्या थंडीत तुम्ही आठ दिवस राहून गेलात तेव्हा नीट केलेली दाराची कडी अजून नीट लागते, बेल एकदा दाबली की एकदाच वाजते, आणि गॅलरीतल्या दोन कुंड्यांना तुम्ही दिलेला हिरवा रंग जसाच्या तसा आहे. तुमच्या हातांना रिकामं बसणं माहीत नाही असं आई म्हणायची, ते काही खोटं नाही.

तर दादा, हे पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे मी जिंकले. नुसतं फोनवर सांगून चाललं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. शिवाय ही गोष्ट एकोणपन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेली आहे, ती दोन मिनिटांत उरकणं मला परवडणारं नाही. मी नववीत होते. मासिकात आलेलं चौकटींचं कोडं घेऊन मी पायरीवर बसले होते (चार मित्र, चार टोप्या, चार गावं, कुणाची टोपी कुठल्या गावची). निम्म्या फुल्या मारून झाल्या होत्या. तुम्ही आलात, ते पान माझ्या हातातून घेतलंत आणि त्याने सायकलची साखळी पुसलीत. वर म्हणालात, "असल्या कोड्यांनी कुणाच्या घरात पाणी येत नाही." तुम्हाला हे आठवत नसणार. साखळी पुसणाऱ्याला आठवत नाही, ज्याचं पान गेलं त्याला आठवतं. हे वाक्य मी जपून ठेवलं, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तीस वर्षांच्या नोकरीत जपलं, आणि या महिन्यात ते अगदी शब्दशः माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. कारण प्रश्न पाण्याचाच होता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मुख्याध्यापिकाबाई राहतात. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण अजून मुलं त्यांच्या दारासमोरून जाताना आपोआप रांग करतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली. आधी बशीएवढी होती, मग ताटाएवढी, मग परातीएवढी. बाई रोज सकाळी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून त्यावर तारीख घालत, त्यामुळे ओल किती हुशारीने प्रगती करते आहे हे सगळ्या इमारतीला दिसत होतं. प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीला हात जाईल एवढं भोक पाडलं आणि बॅटरी मारून पाहिलं, तर आत चार पाइप एकमेकांत गुंतलेले, आणि त्यातल्या एकाच्या सांध्यावरून टपटप पाणी गळतंय. त्या सांध्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं. बाकीच्या तीन पाइपांना अंधारात काय गुंडाळलंय ते दिसत नव्हतं, आणि त्याहून मोठं भोक पाडायला बाईंनी परवानगी नाकारली (त्यांनी परवानगी नाकारली की विषय संपतो).

आता वरची चार घरं तुम्हाला माहीतच आहेत, तरी पुन्हा सांगते, कारण पुढे सगळा खेळ यांचाच आहे. शिंपीकाका, नर्सबाई, ट्रंपेटवाले (हे बँडमध्ये वाजवतात आणि सराव घरात करतात) आणि आम्ही. या चार घरांचे चार व्हॉल्व जिन्याखालच्या कपाटात एका ओळीत आहेत. पहिला दाराजवळचा, चौथा आतल्या भिंतीला टेकलेला. प्रत्येकाचा पाइप कपाटाला लागून असलेल्या बाईंच्या भिंतीतून वर जातो. प्रत्येक व्हॉल्वच्या वर लाल अक्षरांत घराचं नाव लिहिलेलं होतं. होतं म्हणते, कारण प्लंबरने कपाट उघडलं तेव्हा व्हॉल्व, पाइप, भिंत, नावं, सगळ्यावर कुणीतरी एकसारखा हिरवा रंग मारून ठेवलेला होता. चांगले दोन हात दिले होते. सेक्रेटरी इतके संतापले की रंग देणारा सापडला तर त्याला सगळ्यांसमोर सभेत उभा करीन, असं त्यांनी जिन्यातच जाहीर केलं.

तुम्ही म्हणाल (मला ऐकू येतंय), एकेक व्हॉल्व बंद करून बघा, गळती थांबली की झालं. हेच आम्हीही म्हणालो. पण प्लंबरने कपाळाला हात लावला. हे व्हॉल्व इतके जुने आहेत की प्रत्येक जण एकदाच फिरेल, बंद होईल, आणि पुन्हा म्हणून उघडणार नाही. त्या मापाचा नवा व्हॉल्व मागवायला तीन आठवडे. म्हणजे चुकीचा फिरवला तर एक निरपराध घर तीन आठवडे कोरडं. रस्त्याखालची मुख्य चावी पाणी खात्याची, तिच्यासाठी अर्ज केला होता, तो विहित नमुन्यात नाही म्हणून परत आला. सगळ्या घरांचे नळ एकदम सोडून गळती कमी होते का तेही पाहिलं. गळतीवर काही परिणाम झाला नाही, फक्त शिंपीकाकांची बादली वाहून त्यांची चार मापं भिजली. आणि दादा, नर्सबाईंच्या घरात त्यांची मुलगी बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. बारा दिवसांचं बाळ, त्याचे दिवसाला वीस-पंचवीस लंगोट. चुकून नर्सबाईंचा व्हॉल्व फिरला असता तर त्या घरात काय झालं असतं, याचा हिशोब मी बोटांवर मांडला आणि दहाव्या लंगोटाला सोडून दिला.

सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, चिठ्ठ्या टाकू, जो निघेल तो व्हॉल्व बंद करू. मुंडी हलवणारे बरेच होते. नर्सबाईंची मुलगी बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती, तिने बाळाभोवतीचं पांघरूण घट्ट केलं. आणि काय झालं मला कळलं नाही, मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "चिठ्ठ्या नकोत. मला दोन दिवस द्या, मी कागदावर शोधून देते." ट्रंपेटवाले नाकातून हसले (त्यांच्या नाकातून हसण्यालाही दम आहे). हे आपल्या चपलांकडे बघत बसले. मुख्याध्यापिकाबाई मात्र म्हणाल्या, "दोन दिवस म्हणजे परवा संध्याकाळी पाच," आणि तसं त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. आता माघार नव्हती.

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि फूटपट्टीने तक्ता आखला. चार घरं, चार व्हॉल्व, आणि सांध्याला गुंडाळलेल्या चार वस्तू. घरांची व्हॉल्वशी गाठ घालायला सोळा चौकटी, घरांची वस्तूंशी घालायला सोळा, व्हॉल्वची वस्तूंशी घालायला सोळा. एकूण अठ्ठेचाळीस. जे असूच शकत नाही तिथे फुली, जे आहेच तिथे टिक. यापलीकडे या विद्येत काही नाही दादा, फक्त घाई नको आणि खोडरबर चांगलं हवं. वस्तू कोणत्या, हे कळायला मी थोरल्या प्लंबरना फोन लावला. थोरले म्हणजे आत्ताच्या प्लंबरचे वडील, ज्यांनी हे सगळं बसवलं ते. आता ते लेकीकडे असतात आणि त्यांना कमी ऐकू येतं. पण तीस वर्षं "हॅलो, कोण पाहिजे" करण्यात घालवलेल्या बाईला कमी ऐकणाऱ्या माणसाचं काय वाटणार! कुणाच्या पाइपाला काय लावलं हे त्यांना मुळीच आठवत नव्हतं. माणूस आपल्या कामाबद्दल जे आठवायला हवं ते विसरतो आणि भलतंच लक्षात ठेवतो. मी भलतंच विचारत गेले.

तेव्हा कळलं ते असं. वस्तू चार: सुतळी, रबर, पांढरी टेप आणि कापडाची चिंधी. सुतळीचं बंडल त्यांनी कपाटाच्या दाराच्या कडीला अडकवलं होतं आणि बसल्या जागी गुंडाळलं होतं, उठावं लागलं नव्हतं. म्हणजे दाराजवळचा पहिला व्हॉल्व, सुतळी. टिक! एका टिकेला आडव्या तीन आणि उभ्या तीन अशा सहा फुल्या आपोआप पडल्या, आणि दादा, मला पहिल्यांदाच त्या कपाटातलं काहीतरी दिसलं. दुसरं, रबर एका पाइपालाच पुरलं, म्हणून त्याच्या लगेच आतल्या पाइपाची पाळी आली तेव्हा त्याला टेप लावावी लागली. आता पहिला तर सुतळीने अडवलेला. मग रबर आणि टेप ही जोडी दुसऱ्या-तिसऱ्यावर, नाहीतर तिसऱ्या-चौथ्यावर. काहीही असो, गळका रबरवाला व्हॉल्व दुसरा किंवा तिसरा. पाऊण तासात चारांचे दोन झाले. तिसरं, शिंप्यांचा आणि नर्सबाईंचा व्हॉल्व त्यांनी एकाच दुपारी बसवला होता, आधी शिंप्यांचा, मग एक पाऊल आत सरकून नर्सबाईंचा, आणि दोन्ही घरांतून एकाच वेळी चहा आल्यामुळे त्यांची मोठी पंचाईत झाली होती. म्हणजे नर्सबाई शिंपीकाकांच्या लगेच आत. चहाची पंचाईत अशी तीस वर्षांनी कामाला आली.

ट्रंपेटवाल्यांकडे गेले तर ते सरावात होते. व्हॉल्व कुठला आठवतो का विचारलं, तर म्हणाले, टोकाचा. माझं बसवलं तेव्हा मी स्वतः बॅटरी धरून उभा होतो. कुठल्या टोकाचा, तर ते सांगता येईना. ते बँडमध्ये कायम ओळीच्या टोकाला उभे राहतात, आणि बँड वळला की डावं टोक उजवं होतं, त्यामुळे टोक म्हणजे टोक, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. बरं, पहिला किंवा चौथा. मधल्या दोन चौकटींवर फुल्या. त्यांनी मला एक धूनही ऐकवली, ती मी तक्त्यात धरली नाही.

आणि इथे माझी चूक झाली. ती मी लपवणार नाही, कारण चूक सांगितल्याशिवाय विजयाला चव नाही. चिंधी कुणाची? शिंप्याची! हे इतकं उघड वाटलं की मी कुणाला विचारलंच नाही, सरळ टिक केली. मग तक्ता भराभर भरत गेला, जसा खोट्या गोष्टीवर भरतोच. शिंपी चिंधीवाले, आणि त्यांच्या आत नर्सबाई, म्हणजे शिंपी दुसरे, नर्सबाई तिसऱ्या, आणि तिसऱ्यावर येतंय रबर. गळका पाइप नर्सबाईंचा! माझा चेहरा पडला. पण बुद्धीपुढे मी काय करणार, अशा थाटात मी सेक्रेटरींना सांगितलं. ते लगेच नर्सबाईंना बादल्या भरून ठेवायला सांगायला गेले. दहा मिनिटांत नर्सबाई ड्यूटीच्याच कपड्यांत जिना उतरून आमच्या दारात. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, अख्ख्या वॉर्डला झोपेतून उठवतो. "चिंधी शिंप्याची? माझा जुना युनिफॉर्म मी स्वतःच्या हाताने फाडून दिलाय, बाहीची शिवण दातांनी तोडलीय!" मागून शिंपीकाकाही आले, दुखावलेले. म्हणाले, चाळीस वर्षांत कापडाचा एक तुकडा मी कुणाला फुकट दिलेला नाही, आणि तुम्ही माझ्या नावावर चिंधी लावता? त्यांची माफी मागायला मला वरपर्यंत जावं लागलं. परत आले, खोडरबर घेतलं आणि अर्धा तक्ता पुसला. ज्याचं त्याला विचारल्याशिवाय टिक करायची नाही, हे मी तक्त्याच्या डोक्यावर लाल पेनाने लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. नर्सबाई, चिंधी. टिक. रबर-टेपची जोडी दुसऱ्या-तिसऱ्यावर असेल तर चिंधीला उरतो चौथा, आणि ती तिसऱ्या-चौथ्यावर असेल तर चिंधीला उरतो दुसरा. म्हणजे नर्सबाई दुसऱ्या किंवा चौथ्या. त्या दुसऱ्या असतील तर शिंपीकाका पहिले, मग ट्रंपेटवाल्यांना टोक उरतं चौथं, आणि उरलेला तिसरा, रबरवाला, कुणाचा? आमचा. बरं, नर्सबाई चौथ्या असतील तर शिंपीकाका तिसरे, ट्रंपेटवाले पहिले, आणि उरलेला दुसरा, पुन्हा रबरवाला, कुणाचा? आमचाच. दादा, मी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही वाटांनी गेलं तरी गळका पाइप आमच्याच घराचा निघत होता. अकरा वर्षं वाट बघून आम्ही मागच्याच महिन्यात बाथरूमला नव्या फरशा बसवल्या आहेत, आकाशी, मधे एक ओळ पांढरी. तो पाइप बदलायचा म्हणजे त्या फोडायच्या. हे समोर बसून सगळं बघत होते. हळूच म्हणाले, एखादी फुली इकडची तिकडे नाही का होणार? मी खोडरबर त्यांच्या हाताला लागणार नाही असं सरकवून ठेवलं. खरं सांगते, मला वाईट वाटायला हवं होतं, पण आतून उकळ्या फुटत होत्या. चौकटींतून गुन्हेगार सापडला होता, तो मीच असले म्हणून काय झालं! सापडला ना?

पण पूर्ण नव्हता सापडला. आम्ही दुसरे की तिसरे, हे काही केल्या ठरत नव्हतं. आणि पाहा कसा पेच होता. आमचा दुसरा असं धरून दुसरा फिरवला आणि खरी निघाली ती पहिली वाट, तर तो नेमका नर्सबाईंचा असणार होता. बाळाचं पाणी माझ्या हातून तुटणार होतं. अठ्ठेचाळीस चौकटी डोळ्यांपुढे नाचायला लागल्या, पाच वाजत आले, आणि कपाटासमोर सगळी इमारत जमली. प्लंबर पाना घेऊन उकिडवा बसलेला. मुख्याध्यापिकाबाई आत भोकाशी बॅटरी घेऊन. नर्सबाई बाळाला खांद्यावर टाकून पायरीवर. सेक्रेटरी म्हणाले, "दोनच उरलेत ना? मग उडवा नाणं." मी म्हणाले, नाण्याला बाळ नसतं. तेवढ्यात बाळाने शी केली. दादा, मी सांगते, त्या लंगोटाकडे बघून माझं डोकं जागेवर आलं. कोडं अडलं की नवीन विचार करायचा नसतो, जुनी माहिती पुन्हा वाचायची असते. मी ट्रंपेटवाल्यांचं वाक्य मनात पुन्हा वाचलं. "मी स्वतः बॅटरी धरून उभा होतो." म्हणजे त्यांचं काम ते इथे राहायला आल्यावर झालं. आणि ते तर बाकीच्यांच्या मागाहून चार वर्षांनी आले.

मी तिथूनच थोरल्या प्लंबरना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. त्यांना ऐकू जावा म्हणून मी तो एक्स्चेंजच्या आवाजात विचारला, त्यामुळे तो रस्त्यापलीकडेही ऐकू गेला. सुतळी वापरणं तुम्ही कधी बंद केलंत? आणि ते हसून म्हणाले, तुमच्या इमारतीचं काम केलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, उंदीर खातात म्हणून. पुन्हा हात लावला नाही. झालं! ट्रंपेटवाल्यांना सुतळी नाही. सुतळी पहिल्या व्हॉल्वला, म्हणून ट्रंपेटवाले पहिले नाहीत. टोक तर हवं, म्हणून ते चौथे. चौथा गेला, म्हणून नर्सबाई दुसऱ्या. त्यांच्या अलीकडे शिंपीकाका पहिले. आणि उरलो आम्ही, तिसरे. उरलेल्या चौकटी मी भिंतीला कागद लावून उभ्या उभ्या भरल्या आणि म्हणाले, "तिसरा फिरव. तो आमचा आहे, आणि गळतोय तोही आमचाच."

प्लंबरने पाना लावला. आतून बाई हजेरी घ्यावी तशा मोजत होत्या, थेंब, थेंब, थेंब. पाना फिरला, व्हॉल्व कुरकुरला, एकदा "कट्" असा आवाज आला आणि सगळं थांबलं. आतून काहीच ऐकू येईना. मग बाईंचा आवाज आला, "गैरहजर." दादा, काय टाळ्या पडल्या म्हणता! ट्रंपेटवाले वर धावत जाऊन ट्रंपेट घेऊन आले आणि जिन्यात वाजवायला लागले, आणि त्यांच्या वाजवण्यावर बाळ पहिल्यांदाच रडलं नाही. शिंपीकाकांनी मला एक कापडाचा तुकडा भेट दिला, चांगला वीतभर, फुकट. नर्सबाईंनी नळ सोडून पाहिला, धो धो पाणी, आणि त्या वरूनच ओरडल्या, "आलं हो पाणी!" नर्सबाईंची मुलगी येऊन माझ्या गळ्यातच पडली. तिचे डोळे भरले होते, माझेही भरले. सेक्रेटरी मात्र म्हणाले, तुम्ही पहिल्या दिवशीच तिसरा म्हणाला होतात की, मग दोन दिवस कशाला घालवले? त्यांना मी सांगितलं की उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर शून्य मार्क असतात. मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावली आणि वहीत पाच वाजून बारा मिनिटं अशी वेळ लिहिली.

बाईंनी तो कॅलेंडरचा कागद मागून घेतला आणि भिंतीतल्या भोकावर चिकटवून टाकला, गिलावा होईपर्यंत. येणारा-जाणारा तो बघतो. ट्रंपेटवाले आता जिन्यात मला आधी वाट देतात. आणि मी रोज सकाळी खाली जाऊन तुमचं ते सायकलच्या साखळीचं वाक्य त्या कागदासमोर मनात म्हणते आणि वर येते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, नातवंडांना एकेक खोडरबर.

तुमची,
या खेपेला पान हातातून न सोडलेली,
धाकटी बहीण

ता. क. काल जेवताना ह्यांनी सांगितलं की ते रबर त्यांच्याच सायकलच्या ट्यूबचं होतं. पहिल्या दिवसापासून त्यांना आठवत होतं. मग बोलला का नाहीत विचारलं, तर आधी फरशांचं कारण सांगितलं. मग भाताशी खेळत म्हणाले, "तू इतकी रंगून बसली होतीस, मध्ये बोलवेना." व्हॉल्वचा नंबर त्यांनाही ठाऊक नव्हता, म्हणून मी माफ केलं. आणि खरं म्हणजे बरंही वाटलं.

ता. क. दुसरा. हात चालू होता म्हणून मी एक छोटा तक्ता आणखी आखला. थंडीत इमारतीत कोण होतं, हिरवा रंग कुणाकडे होता, आणि जिन्याखालच्या कपाटाची चावी "जरा ब्रश ठेवायला" म्हणून माझ्याकडून कोण घेऊन गेलं. फार फुल्या माराव्या लागल्या नाहीत. उरलेला अर्धा डबा आमच्या कुंड्यांमागेच सापडला. सेक्रेटरी अजून शोधात आहेत. त्यांना मी सांगितलंय की रंग देणारा माणूस या कोड्याचा भाग नाही. माझ्या तोंडून नाव जाणार नाही, निदान पुढचा ता. क. तुम्ही प्रेमाने वाचलात तर.

ता. क. तिसरा आणि खरा. तो "कट्" आवाज व्हॉल्वचा दांडा तुटल्याचा होता. तिसरा व्हॉल्व बंद झाला तो झालाच, नवा यायला तीन आठवडे, आणि उद्यापासून फरशा फुटणार. तेव्हा दादा, तुमचं एकोणपन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं, हे मी मोठ्या मनाने मान्य करते. अख्खं कोडं सुटलं, आणि आमच्या घरात पाणी येत नाही. सबब आम्ही दोघं गुरुवारी दुपारच्या गाडीने तीन आठवड्यांसाठी तुमच्याकडे येत आहोत. तोवर घरातल्या कुठल्याही नळाला रंग देऊ नका.